कुलूप आणि पडदा

शनिशिंगणापूरच्या घरांना चौकटी असतात, दारे नसतात, हे सर्वश्रुत आहे. त्या चौकटींत पुष्कळदा पडदा असतो, किंवा कुत्री आत शिरू नयेत म्हणून फळी टेकवलेली असते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चोराला शनी शासन करतो ही श्रद्धा तेथे कुलपाचे काम करते. पडद्याचे काम ती करीत नाही. गावाने कुलूप सोडले, आडोसा सोडला नाही.

हा भेद आम्हांला जाणवला तो अगदी गद्य निमित्ताने. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात कार्यालयातले व विभागांतले मिळून दहाएक संगणक एकाच इंटरनेट जोडणीवर चालत. प्रवेशाच्या दिवसांत ती मंदावली. कोणते यंत्र किती डेटा ओढते हे पाहणे रास्तच होते, आणि तेवढा आकडा पुरेसा होता. प्रत्यक्षात मध्ये प्रॉक्सी सर्व्हर बसवून कोणी कोणती संकेतस्थळे उघडली याची यादी काढण्यात आली, तीही कोणाला न सांगता. हल्ली बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण कूटबद्ध असते; त्यामुळे अशा यादीत पानावरचा मजकूर येत नाही, स्थळाचे नाव तेवढे येते. पण नावही पुष्कळ बोलते. एका सहकाऱ्यापुढे कर्करोग रुग्णालयाचे नाव ओळीने आठ दिवस आले होते. घरातले ते आजारपण त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. यादी कार्यालयात फिरली आणि दुसऱ्या दिवसापासून आस्थेच्या चौकशा सुरू झाल्या. जोडणी मंदावली होती ती सगळ्या संगणकांवर एकाच वेळी आपोआप उतरणाऱ्या अद्यतनांमुळे. प्राचार्यांच्या दालनातला संगणक त्या यादीत नव्हता.

पहाराच नको, असे आमचे म्हणणे नाही. शिंगणापुरातही 2011 साली युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, तरी रोकड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केलीच. 2015 साली गावात पोलीस ठाणे आले. 2025 साली तर बनावट ॲपांवरून पूजा व देणग्यांच्या नावाने भाविकांची फसवणूक झाल्याचे प्रकरण पोलिसांकडे गेले. या वाटेने येणाऱ्या चोराला चौकट ओलांडावी लागत नाही. जाळ्यावर लक्ष हवेच. प्रश्न आहे तो कशावर, किती आणि कोणाला सांगून, हा.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढच्याच महिन्यात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातील बार्बुलेस्कू या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. कार्यालयीन संगणकावरचे त्याचे खासगी संदेश मालकाने वाचले होते. देखरेखीचे स्वरूप व व्याप्ती त्याला आधी कळवली होती का, हे तेथील न्यायालयांनी तपासलेच नव्हते, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा.

शनीची दृष्टी कठोर मानली जाते; पण ती छुपी नाही. गावात पाऊल टाकणाऱ्याला ती ठाऊक असते, आणि विश्वस्तांपासून वाटसरूपर्यंत कोणी तिच्यातून वगळलेला नसतो. कार्यालयातल्या पहाऱ्याला याहून कठीण कसोटी लावण्याची गरज नाही. तो आधी जाहीर असावा, वरिष्ठांनाही लागू असावा, आणि डेटा किती गेला एवढेच त्याने मोजावे. त्यापुढे पडदा सुरू होतो; आणि पडदा सरकवणाऱ्याला राखणदार म्हणण्याची रीत दारे नसलेल्या गावातही नाही.