परमिटची सुनावणी

आमच्या रिक्षाच्या परमिटवर 'कारणे दाखवा' नोटीस आली आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. भाडे नाकारल्याची तक्रार होती. त्या दिवशी तर रिक्षा गॅरेजात उभी! शेजारी म्हणाले, एजंट गाठा. आम्ही कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ८६ : खुलाशाची संधी दिल्याशिवाय परमिट निलंबित वा रद्द करता येत नाही, केल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. कलम ८९ मध्ये अपीलही आहे. थोरल्या लेकीने खुलासा लिहिला. गॅरेजची पावती, फिटनेस, विमा यांच्या नकला जोडल्या, पोच घेतली. सोमवारी सुनावणी. त्या दिवसाची रोजी बुडेल, पण कागद हातात घेऊन ताठ मानेने उभे राहू. बंधू-भगिनींनो, नोटीस आली तर आधी ती पुरती वाचा.