पुढच्या गुरुवारी

परवा ऑफिसात जेवणाच्या टेबलावर "हल्ली चांगल्या मालिका बनतच नाहीत" हा परिसंवाद पुन्हा एकदा पार पडला. मी समीक्षक वगैरे नाही हो, रात्री भांडी डिशवॉशरमध्ये लावून झाली की सोफ्यावर आडवा होणारा साधा प्रेक्षक. माझी तक्रार वेगळी आहे. मालिका चांगल्या बनतात, पण त्या लक्षात कशा ठेवायच्या? 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात आमचं घर बदललं, मुलगी बोलायला लागली. गोष्ट कुठे सोडली होती ते कोणाला आठवतंय! 'स्ट्रेंजर थिंग्ज' २०१६ साली सुरू झाली आणि २०२५ च्या शेवटच्या दिवशी संपली, सीझन मोजून पाच. त्यातली शाळकरी पोरं पार बाप्ये झाली.

दुसरा प्रकार अख्खा सीझन एकदम ताटात वाढायचा. २०१३ साली नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकाच दिवशी टाकले आणि आम्ही सगळे बिघडलो. शनिवार-रविवारात फडशा, बुधवारपर्यंत विस्मरण.

आमच्या आईचं बरं होतं. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. मी इंजिनियर झालो, इकडे येऊन डॉक्टरेटला लागलो, तरी तिकडे ती मालिका सुरूच. एका थपडेवर पाच जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात म्हणून मी यथेच्छ टिंगल केली आहे. आता तेवढी करत नाही.

त्याला कारण 'द पिट'. पिट म्हणजे खड्डाही आणि पिट्सबर्गही. माझी पीएचडी त्याच गावची, त्यामुळे आधी बघायला बसलो ते गाव दिसेल म्हणून. (दिसतं थोडंसंच. हॉस्पिटल बाहेरून दाखवतात ते तिथलं खरं, अलेगेनी जनरल. आतलं सगळं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत.) 'ईआर'मधला तरुण डॉक्टर नोआ वायली इथे दाढी पिकलेला मुख्य डॉक्टर आहे. सकाळी सातला पाळी सुरू होते आणि प्रत्येक भाग म्हणजे त्या पाळीतला एक तास. असे पंधरा भाग. ९ जानेवारी २०२५ ला दोन भाग एकदम आले आणि मग दर गुरुवारी एकच.

सुरुवातीच्याच भागांत एका वृद्धाश्रमातून एक आजोबा येतात. श्वास लागलेला. कागदावर स्वच्छ लिहून ठेवलंय, मला कृत्रिम श्वासाची नळी नको. पण मुलांच्याने वडिलांना असं जाऊ देववत नाही. नळी घातली जाते.

इथे मी टीव्ही बंद केला.

२०१९ च्या पावसाळ्यात रात्री दादाचा फोन आला होता. "डॉक्टर विचारतायत, व्हेंटिलेटर लावायचा का? सही हवीय." बाबा गॅलरीत बसून अनेकदा म्हणायचे, मला नळ्याबिळ्या लावू नका रे. लिहून मात्र काही ठेवलं नव्हतं. अशा इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच मान्यता दिली होती, पण आमच्या घरात ते कोणाच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, "लाव. मी निघतोय." दीड मिनिटाचा फोन. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ते बोलू शकत नव्हते. सहाव्या दिवशी गेले. मी पोचेपर्यंत थांबले, असं सगळे नातेवाईक म्हणाले. थांबवलं होतं. पुढे यावर घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

मालिकेतल्या आजोबांची गोष्ट जेमतेम तीन तासांची, पण ती पुरी व्हायला मला दोन आठवडे लागले. एकदम वाढली असती तर मी तो प्रसंग पुढे ढकलून मोकळा झालो असतो. आता मधले दिवस ऑफिसात, गाडीत, ते आजोबा सोबत.

शुक्रवारी रात्री, म्हणजे आईच्या शनिवारी सकाळी, आमचा फोन असतो. बोलायला काही नव्हतं म्हणून तिला गोष्ट सांगितली. तिने मालिका ऐकावी तशी ऐकली.

"लावली का नळी?"

"लावली."

"मग?"

"पुढच्या गुरुवारी कळेल."

पुढच्या खेपेला अजून काही झालं नव्हतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिनेच विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं रे?" मी सांगितलं, मुलांनीच शेवटी काढायला सांगितली. शेजारी बसून राहिली, बोलली त्याच्याशी. मग तो गेला.

आई बराच वेळ गप्प. लाइन कटली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"तुझे बाबा चिडले असते माझ्यावर," ती म्हणाली.

"तुझ्यावर नाही. माझ्यावर."

"दोघांवर," ती म्हणाली, आणि मग मुलीचा खोकला थांबला का ते विचारलं.