गिड्डा

संकेश्वरात दमेकऱ्याने राहावे की नाही, हा प्रश्नच आहे. थंडी सरता सरता बाजारात मिरचीची पोती उतरू लागली, की त्या ठसक्याने माझ्या छातीत शिट्ट्या वाजत. पाचवीत असताना कुणीतरी आज्जीला पुडीचा पत्ता दिला. "झाडपाल्याचं औषध, अपाय नाही." रोज सकाळी मधातून चिमूटभर. आणि खरेच, आठवड्यात मी पायऱ्या पळत चढू लागलो!

अण्णा दर पाडव्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझी उंची टिपत. माझा चेहरा पोळीसारखा गोल झाला, "पोरगं अंगानं भरलं" म्हणून सगळे खूष. पण चौकटीवरची नवी रेघ जुन्या रेघेला जवळजवळ चिकटलेली! वर्गातली कन्नड पोरे मला 'गिड्डा' म्हणू लागली, मराठी पोरांनीही तोच शब्द उचलला. तेवढ्यापुरता आमच्यात सीमावाद नव्हता.

बेळगावच्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा पुडीचीच चौकशी अधिक केली. तीत स्टेरॉईड असणार, असे ते म्हणाले. मनगटाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाशी काळी फट दिसत होती. ती वाढीची कूर्चा. अजून मिटली नव्हती. पुडी त्यांनी एकदम तोडली नाही. मोजक्या गोळ्या देऊन त्या हळूहळू उतरवल्या, कारण शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते.

त्या फटीत काय चालते, ते बी.एस्सी.ला कळले. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, वाढतात, फुगतात. मग अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर फॉस्फेट मोकळे करते आणि तेथे खनिज साचून हाड बनते. हाडातले हे विकर रॉबर्ट रॉबिसन यांनी 1923 साली दाखवले. स्टेरॉईड संप्रेरक जादा झाले, की पेशींचे विभाजनच मंदावते. मुलांच्या रक्तातले हे विकरही उतरू शकते. कॉर्टिसोनला 1950 साली नोबेल मिळाले, ते काही उगीच नव्हे. माझ्या आजच्या पंपातही स्टेरॉईडच आहे, फक्त मायक्रोग्रॅममध्ये मोजलेले. त्यानेही उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पुडीवाल्याने काय सांगितले होते?

पुढे रेघा पुन्हा वर चढल्या. मी पाच फूट तीन इंचांवर थांबलो. आज्जी अजून चौकटीकडे बघून म्हणते, "मीच चारली की रे तुला." परवा मी तिला फॉस्फेटेज समजावू लागलो, तर तिने मुकाट्याने दुधाचा पेला पुढे केला.