हातगाडी कोणी ओढली?

अमेरिकेतील मॉर्मन या धर्मपंथाची चौदा ते अठरा वर्षांची मुलं-मुली, हातगाड्या ओढत युटात वस्तीला गेलेल्या पूर्वजांची आठवण म्हणून, उन्हाळ्यात काही दिवस तशाच हातगाड्या ओढत ओसाड माळरानातून चालतात. वायोमिंगमधील मार्टिन्स कोव्ह ही त्यासाठीची प्रसिद्ध जागा. पायघोळ झगे घातलेल्या मुलींच्या वाट्याला बहुधा एक वेगळा टप्पा येतो. मुलगे टोप्या काढून बाजूला उभे राहतात आणि मुली एकट्या जड गाडी चढावर नेतात. पाण्याची, डॉक्टरांची सोय हाताशी असताना हे नुसतं सोंग नव्हे का, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. वाळूत रुतलेलं चाक पुस्तकातून कळत नाही. पणजीच्या पणजीनं काय सोसलं, हे त्या मुलीच्या खांद्यांना थोडं तरी समजतं. म्हणूनच तिला सांगायची गोष्ट खरी असायला हवी.

आणि तिथेच गफलत होते. पुरुष सैन्यात गेले म्हणून बायकांना गाड्या ओढाव्या लागल्या, असं मुलींना अनेकदा सांगतात. सुमारे पाचशे मॉर्मन पुरुष सैन्यात गेले ते 1846 मध्ये. हातगाड्यांचे तांडे सुरू झाले 1856 मध्ये. मुलांना सनावळीत कशाला अडकवायचं, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण या चुकीतून बाई केवळ पुरुषाची बदली ठरते. प्रत्यक्षात बायका पुरुषांच्या बरोबरीनं ओढत होत्या, आणि नवरा वाटेत गेला तर मुलांना घेऊन पुढे निघत होत्या. ही वाट आयोवा सिटीपासून युटातल्या सॉल्ट लेक सिटीपर्यंत सुमारे 2,100 किलोमीटरची. 1856 मध्ये उशिरा निघालेले विली आणि मार्टिन यांचे तांडे वायोमिंगच्या बर्फात सापडले. जवळपास हजार माणसांपैकी दोनशेहून अधिक दगावली.

शिवाय बाईची गोष्ट गाडी थांबली की संपत नाही. मार्था ह्यूज लहानपणी, 1861 मध्ये, तांड्याबरोबर युटात आली. वाटेत धाकटी बहीण गेली, पोहोचल्यावर काही दिवसांतच वडील. ती डॉक्टर झाली. युटातल्या बायकांना 1870 मध्ये मिळालेला मताधिकार अमेरिकी संसदेनं 1887 मध्ये काढून घेतला. 1896 मध्ये तो परत मिळाला आणि त्याच वर्षी मार्था राज्याच्या सिनेटवर निवडून आली. अमेरिकेतली ती पहिली महिला राज्य-सिनेटर. त्या निवडणुकीत विरुद्ध पक्षाकडून तिचा नवराही उभा होता.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: ज्यांना आपण आद्य वसाहतकार म्हणतो, ते दुसऱ्यांच्या भूमीवर आले होते. हे मान्यच करायला हवं. वस्ती वाढली तशी तिथल्या मूळनिवासी शोशोनी लोकांची शिकार आणि अन्न आटलं, आणि 29 जानेवारी 1863 रोजी बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्यानं त्यांच्यातल्या शेकडो जणांना मारलं. त्यांत बायका होत्या, मुलं होती. पण यासाठी मुलींची पदयात्रा बंद करण्याची गरज नाही. यात्रा आखणाऱ्यांनी चढ संपल्यावर, मुली दम खात बसलेल्या असताना, त्यांना 1846 ऐवजी 1856 सांगावं, मार्था सांगावी आणि शोशोनी बायकाही सांगाव्यात. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळं पेलतं.