ताण आणि अभिव्यक्ती

साहित्याच्या वर्गात आपण काही शब्द इतक्या सैल हाताने वापरतो की त्यांची धार केव्हाच गेलेली असते. 'ताण' आणि 'अभिव्यक्ती' हे त्यांपैकी दोन. कवितेतील ताण, अनुभवाची अभिव्यक्ती. उत्तरपत्रिकांतून तर या शब्दांचा नुसता पाऊस. हे दोन्ही शब्द मला अलीकडे माशांच्या संदर्भात पुन्हा भेटले.

बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, उष्णता, क्षार, जड धातू अशा निर्जीव कारणांनी सजीवांवर जो भार येतो, तो अजैविक ताण. उसाच्या मुलखातील ही संस्था माशांवरही संशोधन करते, हे आम्हा भाषावाल्यांपैकी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मला ते कळले तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यालगत. वडील मासेमारी करतात आणि शेततळ्यात पंगस सोडण्याच्या विचारात होते. तिने तिथल्या एका इंग्रजी शोधनिबंधाचा सारांश मोबाइलवर दाखवला आणि म्हणाली, "सर, यात माशाच्या अभिव्यक्तीविषयी काहीतरी आहे."

'एक्स्प्रेशन'चे भाषांतर तिने आमच्या अभ्यासक्रमातून उचलले होते, आणि ते बरोबरच होते. जनुकात साठवलेली सूचना प्रत्यक्ष वापरात येणे, याला मराठी जीवशास्त्रातही अभिव्यक्तीच म्हणतात. आर्सेनिक, अमोनिया, वाढते तापमान यांच्या ताणाखाली पंगसची कोणती जनुके बोलू लागतात आणि आहारातून जस्त किंवा सेलेनियम दिल्यास त्या बोलण्यात काय फरक पडतो, असा या संशोधनाचा रोख आहे. त्या जनुकांत इंटरल्युकिन आणि टीएनएफ-अल्फा ही नावे वारंवार येतात. हे पेशींनी पेशींना धाडलेले निरोप आहेत. जंतू शिरल्याचे एका पेशीला कळले की ती हे रेणू सोडते. ज्या पेशीच्या अंगावर त्यांचा ग्राही असतो तिलाच तो निरोप ऐकू येतो, आणि एकाच निरोपाचा अर्थ दोन पेशी वेगवेगळा लावतात. संदर्भाविना शब्दाला अर्थ नसतो हे आपण वर्षानुवर्षे शिकवतो. इथे ते रक्तात चाललेले असते.

या रेणूंची नावे मात्र गमतीची आहेत. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी विषाणूच्या कामात अडथळा आणणारा पदार्थ शोधला आणि त्याला इंटरफेरॉन म्हटले. १९७९ मध्ये 'श्वेतपेशींच्या आपसातले' अशा अर्थाने इंटरल्युकिन हे नाव रूढ झाले. पुढे इतर पेशीही हे रेणू बनवतात असे दिसले, पण तोवर नाव रुळले होते. या साऱ्यांचे कुलनाम सायटोकाइन. मराठी घरांत ते पोहोचले २०२० च्या साथीत, तेही 'वादळ' या शब्दाला जोडून. निरोपांचा अतिरेक झाला की शरीर स्वतःलाच जाळते, हे आपण वर्तमानपत्रातून शिकलो.

'रोगप्रतिकारशक्ती' या आपल्या प्रतिशब्दाबद्दल मी फारसा समाधानी नाही. त्यात लढाई तेवढी ऐकू येते. मूळ लॅटिन शब्द रोमन कायद्यातला. त्याचा अर्थ कर किंवा सार्वजनिक कामगिरी यांतून मिळालेली सूट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'व्याधिक्षमत्व' येते, आणि 'क्षम्' धातूत सोसणे आहे. एकाच गोष्टीकडे रोमन माणूस सवलत म्हणून पाहतो, वैद्य सोसण्याचे सामर्थ्य म्हणून, आणि आपण युद्ध म्हणून. माशाकडे पाहिल्यावर मला वैद्याचा शब्द अधिक जवळचा वाटू लागला.

कारण माशाच्या शरीरात सोसणे आणि लढणे शेजारी-शेजारी नांदतात. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते. ते काम बव्हंशी वृक्काच्या पुढच्या भागात, शिरोवृक्कात चालते. ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या पेशीही तिथेच असतात. ताण लांबला की कॉर्टिसॉल इंटरल्युकिनसारख्या निरोपांचा आवाज दाबते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तापते, त्यातला प्राणवायू घटतो. जंतू येण्याआधीच तिथला मासा अर्धा गप्प झालेला असतो. "पाणी बिघडलं की मासा मलूल होतो," असे तिचे वडील म्हणत. मला या वाक्यात विज्ञानाच्या दृष्टीने दुरुस्त करण्याजोगे काही दिसले नाही.

माशांच्या या रेणूंची ओळख प्रथम झाली ती थंड पाण्यात. १९९९ मध्ये ॲबरडीनच्या संशोधकांनी रेनबो ट्राउटमधील इंटरल्युकिन-१ बीटाचे जनुक वेगळे केले. ट्राउट-सामन यांच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वी सबंध जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यामुळे एकाच निरोपाच्या अनेक प्रती त्यांच्याजवळ आहेत, जणू एका ओवीचे पाठभेद. गारठ्यात त्यांची प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर भिस्त असते ती जुन्या, जन्मजात यंत्रणेवर आणि तिच्या निरोपांवर. आपल्याकडे या माशांचा अभ्यास भीमतालला होतो. भीमेकाठी ट्राउट जगणार नाही.

तिने मला विचारले होते, माशाला ताप येतो का? येतो, पण अंगात नाही. माशाचे तापमान पाण्याचेच असते. आपल्याकडे इंटरल्युकिन-१ चा निरोप मेंदूपर्यंत गेला की अंग तापते. आजारी मासा उबदार पाण्याकडे पोहत जातो. १९७६ मध्ये अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या माशांत हे दिसले, आणि २०१३ मध्ये झेब्राफिशवरच्या अभ्यासात असे आढळले की या उबेने विषाणूविरोधी जनुकांची अभिव्यक्ती वाढते. ताप म्हणजे माशापुरते एक स्थलांतर.

हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धरणातला मासा जाईल कडेला, उथळात. शेततळ्यात कुठं जाणार? कागद अंथरलेल्या खड्ड्यात सगळीकडं पाणी सारखंच."

शोधनिबंधात याचे उत्तर नव्हते. वडिलांसाठी तिने वहीच्या दोन पानांवर मराठीत सार लिहिले आहे. 'सायटोकाइन'साठी तिने 'सांगावा' हा शब्द योजला आहे. मी तो तसाच राहू दिला आहे. जस्ताचे प्रमाण तेवढे संस्थेत जाऊन विचारून घ्यायला सांगितले आहे.