वयस्य

मद्यपानाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. माझ्यापुढे लिंबाचे सरबतच असते. प्रश्न एवढाच की, पन्नाशी उलटलेले संसारी गृहस्थ घरचे गरम जेवण टाकून मुंबईच्या मद्यगृहात का जमतात?

कुलाब्याच्या, १८७१ सालापासूनच्या लिओपोल्डमध्ये आम्ही शाळासोबती वर्षातून एक रात्र बसतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा तेथे भिंतींवर जपल्या आहेत. त्यांच्या सान्निध्यात आम्ही मात्र छड्यांच्या आणि टोपणनावांच्या गोष्टी करतो.

घरी आपण ‘अण्णा’, कचेरीत ‘साहेब’, शाळेत ‘गुरुजी’. वडीलधारी माणसे गेली, की भरल्या घरातही ‘अरे’ म्हणणारे कोणी उरत नाही. शाकुंतलातील दुष्यंतासारख्या सम्राटालाही ‘वयस्य’ म्हणून हाक मारणारा विदूषक लागतो. वयस्य म्हणजे समवयस्क.

गेल्या वर्षी आमच्यातील एक निवृत्त अधिकारी पत्नी निवर्तल्यानंतर प्रथमच आला. सांत्वनाची वाक्ये त्याने पुष्कळ ऐकली होती. एकाने नुसते विचारले, “अरे बंड्या, वेळेवर जेवतोस ना रे?” तेव्हा तो मेजावर डोके टेकून रडला.

मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातील परवान्यामुळे ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. तो परवाना पिण्याचा. प्रौढांना हवा असतो तो मन मोकळे करण्याचा. म्हणून घरच्या मंडळींना विनंती : ‘अरे’ म्हणणाऱ्या त्या मित्रांना अधूनमधून घरीच जेवावयास बोलवावे, आणि पाने वाढून झाल्यावर त्यांना थोडा वेळ एकटे सोडावे.