खिशातली चिठ्ठी

2003 साली मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत आठवीत होते. त्या वर्षी आम्हांला राहती खोली सोडावी लागली. अब्बांनी एका मराठी कागदावर सही केली होती. भाड्याची पावती आहे, असे त्यांना सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ती खोली सोडण्याची कबुली होती. सामान हातगाडीवर चढवताना अब्बा कोणाशीच बोलले नाहीत. रात्री मात्र मला जवळ बोलावून म्हणाले, "बेटी, तू शाळेत मराठी शिकतेस ना? मग मलाही शिकव."

अब्बा यंत्रमागावर काम करत. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. माझा उत्साह दांडगा! मी लगेच वेळापत्रक केले. रात्री आठ ते नऊ बाराखडी आणि दहा ओळी शुद्धलेखन. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमचे तीनच टिकले. चौथ्या दिवशी अब्बा पाटी हातात घेऊन बसल्या बसल्या झोपले. मला फार राग आला. आज मी स्वतः शिक्षिका आहे. चूक त्यांच्या झोपेची नव्हती, माझ्या वेळापत्रकाची होती, हे आता कळते.

शेवटी अब्बांनीच तोड काढली. "रोज एक शब्द दे. चिठ्ठीवर लिहून दे."

मी शब्द मराठीत लिही आणि खाली उर्दूत अर्थ. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात जाई. वीज गेली की मागांचा खडखडाट थांबे आणि अब्बा चिठ्ठी काढत. पुढे भारनियमन वाढले. मजुरी बुडे, शब्द मात्र पक्के होत. रातपाळी असली की सकाळी चहा पिताना ते मला शब्द वाचून दाखवत. रमजानमध्ये हाच धडा सहरीनंतर होई. शुक्रवारी माग बंद; त्या दिवशी आठवड्याच्या साऱ्या चिठ्ठ्या चटईवर मांडल्या जात.

सवयीने ते वही उजवीकडून उघडत. 'ळ' तर जिभेवर येईचना. 'शाळा'ची नेहमी 'शाला' होई. एकदा विजेच्या बिलावर 'तारीख' आणि 'रक्कम' हे शब्द सापडले, तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "अरे, हे तर आपलेच शब्द!" दुसऱ्या दिवशी मी त्यांना 'मुदत' दिला.

2006 साली अम्मी आजारी पडली. दोन महिने एकही चिठ्ठी लिहिली गेली नाही. मग मी राहिलेल्या साठ शब्दांची यादी केली. अब्बांनी ती पाहिली आणि हसून घडी घातली.

"हे काय सावकाराचे कर्ज आहे? आजचा शब्द दे."

मी 'औषध' लिहून दिला.

2012 साली आम्ही दुसरी खोली घेत होतो. करारनामा समोर आला. अब्बा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. समोरचे गृहस्थ सारखे घड्याळ पाहत होते. मलाच संकोच वाटू लागला. मधेच अब्बांचे बोट थांबले.

"मुदत अकरा महिन्यांची लिहिली आहे. आपले बोलणे तीन वर्षांचे झाले होते."

कागद पुन्हा लिहिला गेला.

आता अब्बांचे माग सुटले आहेत आणि नजरही अधू झाली आहे. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून भिंतीला लावते. काल त्यांनी स्वतःहून 'आभाळ' मागितला. 'ळ' नीट उमटला, म्हणून पुन्हा एकदा म्हणून दाखवला.